रत्नपालने पुसलेली चिप

कोहमाऱ्याच्या चौकात रत्नपाल मेश्राम कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली तो स्वतःच शिकला होता. दुकानातल्या मशीनवर तेच होतं. गिऱ्हाइकांना सांगायचा, "याचा कोड उघडा हाये, यात चोरी होतच नाही."

२०११ साली त्याने कुठेतरी वाचलं, की नव्या लॅपटॉपातली सुरक्षा-चिप मालकाची सगळी माहिती कंपनीला कळवते. तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

सुलोचनाबाई एका संस्थेसाठी गावोगाव फिरून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांचे जबाब लिहून घ्यायच्या. त्यांचा लॅपटॉप बॅटरीसाठी दुकानात आला. रत्नपालने न विचारताच चिपमधलं सगळं पुसलं आणि ती बंद केली. मशीन सुरू केलं, तर पडद्यावर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागणारी ओळ.

संस्थेच्या नागपूरच्या माणसाने फोनवर सांगितलं, "चिप कुठे काही पाठवत नव्हती. डिस्कच्या कुलपाची किल्ली सांभाळत होती. दुसरी किल्ली आमच्याकडे नाही. आता आतले जबाब उघडायचे नाहीत."

दोन दिवस रत्नपाल जेवायला बसे आणि अर्ध्यातून उठे. तिसऱ्या दिवशी आठवलं: महिन्याभरापूर्वी त्याच लॅपटॉपचा पंखा बदलताना त्याने खबरदारी म्हणून ते जबाब दुकानातल्या मशीनवर उतरवून ठेवले होते. धावत जाऊन पाहिलं. एकशे बाराही जबाब होते. तो हसला, आणि मग त्याची नजर मशीनसमोरच्या खुर्चीवर गेली. मशीनला पासवर्ड नव्हता. सारा चौक तिथे बसून फॉर्म भरायचा.

तो तडक बाईंच्या घरी गेला आणि सगळं सांगून टाकलं.

"त्या चिपचा भेव वाटला तुले," बाई म्हणाल्या, "आन दुकानात येनाऱ्या मान्साचा नाही?"

"मले वाटे, लिनक्स हाये तं कुलूप कायले पायजे."

बाई चप्पल घालत म्हणाल्या, "घरोघरी जाऊन बायकायले सांगा लागते. तू बी चाल."

त्याने आधी दुकानात जाऊन मशीनवरचे जबाब बाईंच्या हवाली केले, तिथले पुसले आणि तो त्यांच्याबरोबर निघाला. पहिलं घर शामकलाचं. नवरा धानाच्या बांधीत गेला होता. ती दारातच उभी राहून ऐकत होती.

"माह्यं कोनी वाचलं काय?" तिने विचारलं.

रत्नपालच्या तोंडाशी 'नाही' आलं होतं.

"मले मालूम नाही, ताई," तो म्हणाला.

तिने रस्त्याकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. अजून एकशे अकरा घरं होती.