पिकअपची बुजवलेली भोकं

हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि — खरं सांगू का — लपवून लपवून आता कंटाळा आलाय. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द वापरत नाही. दमलोय, एवढंच.

पनवेलजवळ विचुंब्याला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी पिकअप कित्येक वर्षं गंजत पडली होती. ती दादाची, माझ्या थोरल्या भावाची. करंजाच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, बर्फात भरायची, पनवेलच्या बाजारात आणायची, हा त्याचा धंदा. बाबा लवकर गेले. माझं शिक्षण, बहिणीचं लग्न, सगळं त्या गाडीनेच ओढलं. यंदा दादाच्या मुलाच्या, नीलेशच्या डोक्यात आलं की ही गाडी पुन्हा उभी करायची — अख्खी खोलायची, गंज काढायचा, मूळचा निळा रंग द्यायचा. मी नोकरीतून निवृत्त, रिकामाच. म्हणाला, "काका, या मदतीला." नाही कसं म्हणणार?

पण त्या गाडीत काय आहे ते मला माहीत होतं. तेच तर सांगायचंय, आणि बघा, अजून इकडचं तिकडचंच बोलतोय.

मी तेव्हा कॉलेजात होतो. पहाटे दादाबरोबर करंजाला जायचो, टोपल्या चढवायला हात लावायचो आणि परतताना तो मला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचा. पिकअपच्या हौद्याला तळाशी भोकं असतात. बर्फ वितळला की मासळीचं खारं पाणी तिथून खाली गळतं. गळायलाच हवं ते. आमच्या गाडीचं पाणी रस्ताभर ठिपके टाकत यायचं आणि मी उतरायचो तिथे त्याचं डबकं व्हायचं. पोरं नाक धरून ओरडायची, "आली रे बोंबलांची वरात!" पोरांचं मी हसण्यावारी नेलं असतं. एकदा वर्गातल्या मुली हसल्या. त्या दिवशी मी सबंध तास वहीतून मान वर केली नाही.

ज्या मासळीवर माझी फी भरली जात होती, तिचीच मला लाज वाटत होती. का? वाटत होती.

करंजाला होड्या ओढून ठेवतात, तिथे मी एक काम रोज पाहायचो. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात, वरून राळ ओततात. मग आत पाण्याचा थेंब येत नाही. दादा लिलावात गुंतलेला असताना तिथल्या एका म्हाताऱ्याकडून मूठभर कापूस आणि थोडी राळ मागून घेतली. आणि गाडीची सगळी भोकं बुजवली. झकास बुजवली! होडीत पाणी शिरू नये म्हणून जी युक्ती, ती मी पाणी आत कोंडायला वापरली. एवढी अक्कल पाजळणारा मी घरातला शिकलेला, हे विसरू नका.

गळणं थांबलं. दादाने विचारलं तेव्हा सांगितलं, बर्फाखाली भुसा घालतो, तो पाणी पितो. त्याने ऐकून घेतलं. गाडी गोड्या पाण्याने धुवायचं काम माझं होतं, त्यामुळे तो कधी वाकून बघायचा नाही. मी वरवर धुवायचो. खारं पाणी हौद्यातल्या फळ्यांखाली साचत राहिलं, सांध्यांतून मुरत खाली चासीत, गाडीच्या सांगाड्यात उतरलं आणि लोखंड आतून खात गेलं.

एके दिवशी चासीला चीर दिसली. युसूफभाईंनी वेल्डिंग केलं. पनवेलमध्ये त्यांचं दुकान होतं, आणि दादाचा त्यांच्यावर जीव. घोळ माशाचं डोकं दादा कुणाला विकायचा नाही, युसूफभाईंसाठी काढून ठेवायचा. त्यांनी तेव्हा सांगितलं होतं, "दामूभाई, पानी कहीं रुक रहा है, देख लो." दादाने मला बघायला सांगितलं. मी बघितलं म्हणून सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पळस्प्याच्या वळणावर भरल्या गाडीची चासी तुटली. गाडी कलंडली, दादाचा पाय खाली सापडला. तो पाय पुन्हा सरळ पडला नाही. मोडकी गाडी ओढून आणून शेडमध्ये टाकली, ती पुन्हा कुणी खोलून पाहिली नाही.

हॉस्पिटलच्या खाटेवरून दादा येईल त्याला सांगायचा, युसूफने पोकळ वेल्डिंग केलं, माझा घात केला. मी तिथेच असायचो — मोसंबी सोलत. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मी गिळला. बाजारात बोभाटा झाला, ड्रायव्हर लोक युसूफभाईंकडे जाईनासे झाले. वर्षभरात त्यांचं दुकान बंद पडलं. एकदा ते घरी भेटायला आले, तर दादाने तोंड फिरवलं. त्यांना फाटकापर्यंत पोचवायला मीच गेलो होतो. काय बोललो असेन? "सांभाळून जा," म्हणालो.

आता परवाचं सांगतो. ते जास्त वाईट आहे, कारण तेव्हा मी विशीतला पोरगा नव्हतो.

हौद्याचे नटबोल्ट गंजून एकजीव झाले होते. डिझेल घालून मुरवत ठेवले होते. नीलेश मोठा पाना आणायला गेला, तेवढ्यात मी स्क्रू-ड्रायव्हरने सगळी भोकं कोरून मोकळी केली. राळ दगडासारखी झाली होती. तुकडे खिशात घातले आणि संध्याकाळी गाढी नदीत टाकून आलो.

दुसऱ्या दिवशी हौदा उतरला. नीलेशने तारेच्या ब्रशने चासी घासली आणि थांबला. युसूफभाईंचा जोड जसाच्या तसा होता. चासी तुटली होती ती तिथून वीतभर लांब, सडलेल्या जागी. दादा खुर्चीवर बसून बघत होता. काठी टेकत आला, त्या जोडावरून अंगठा फिरवला.

"जोड तं शाबूत हाय," तो म्हणाला. "मंग आमी त्याला काय म्हनून बोललो रं?"

नीलेशने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, खारी हवा, जुनी गाडी, सडली असेल.

काल दादाने मला युसूफभाईंकडे न्यायला लावलं. ते आता मुलाकडे असतात, फारसं दिसत नाही त्यांना. दादा, सत्तरी ओलांडलेला माझा भाऊ, त्यांच्या पायाशी वाकायला गेला. गुडघा वळेना, तरी वाकायला बघत होता. रडत होता. युसूफभाईंनी त्याचे हात धरून ठेवले आणि एवढंच म्हणाले, "बहुत देर की, दामूभाई." मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. त्यांच्या सुनेने चहा दिला, तो प्यायलो.

परतताना रिक्षात दादाने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तू संगती आलास म्हनून मना जमलं रं. एकट्याची हिंमत नवती."

मी म्हणालो, "बरं केलंस, दादा."