माणिकप्पांची गाठ

माणिकप्पांच्या ओट्यावर कण्हत चढलेला माणूस उतरताना हसत उतरतो, अशी हिप्परवाडीची चाळीस वर्षांची खात्री होती. उमरग्यापासून नळदुर्गापर्यंत कुणाचं मनगट निखळो की कुणाचा घोटा मुरगळो, पहिलं नाव त्यांचंच निघायचं. मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ फिरायला लागल्यापासून तर सोलापूरच्या गाड्याही दारात उभ्या राहू लागल्या. घ्यायचे ते फक्त एक नारळ. पैशाला हात लावायचे नाहीत, आणि या न लावण्याचा त्यांना भारी तोरा होता.

हाताला गुण होता, हे कबूल करायलाच हवं. पण गुणापेक्षा गाठीचा बोलबाला मोठा. बांबूच्या कामट्या लावून, धोतराच्या पट्ट्या आवळून अप्पांनी मारलेली गाठ अप्पांनीच सोडायची, तीही एकविसाव्या दिवशी. मध्ये कुणी बोट लावलं तर हाड वाकडं धरतं, असं ते सांगत आणि लोक ती गाठ अंगाऱ्यासारखी जपत. त्यांच्या वडिलांच्या वेळी असं काही नव्हतं. वडील चौथ्या दिवशी रोग्याच्या घरी जाऊन पट्टी सैल करून बघायचे. अप्पांनी ते बंद केलं. पुन्हा जाऊन बघणं म्हणजे आपला हात कच्चा आहे असं आपणच सांगणं, असं त्यांना वाटायचं.

श्रावण संपता संपता सरकारी दवाखान्यात नवीन आलेली डॉक्टरीण, दीपमाला, त्यांच्या ओट्यावर आली. पोरगी नम्र होती. नमस्कार करून खाली सतरंजीवर बसली.

"अप्पा, तुमचं काम बंद करा म्हणायला मी आले नाही," ती म्हणाली. "एकच विनंती आहे. बांधल्यावर रोज बोटं बघत जा. गार पडली, काळी-निळी दिसली, कळेनाशी झाली, तर लगेच पट्टी सोडा आणि माणूस आमच्याकडं पाठवा. काही तासांत हात जातो हो."

ओट्यावर त्या दिवशी दहा-बारा माणसं होती. ओटा रिकामा असता तर अप्पांनी कदाचित ऐकून घेतलं असतं.

"बाई, तुमचं वय किती?" ते मोठ्यानं म्हणाले. "तुमच्या वयापेक्षा जास्त वरसं म्या हाडं बसवतोय. ज्या दिवशी माझी गाठ मला मुदतीआधी सोडावी लागंल, त्या दिवशी ह्या ओट्यावर म्या बसणार न्हाय. लिहून ठेवा!"

माणसं खदाखदा हसली. डॉक्टरीण उठली, चपला घातल्या आणि गेली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं होतं. अप्पांना त्या रात्री जेवण गोड लागलं.

नऊ दिवसांनी निकिता पडली. निकिता त्यांची नात, नववीत शिकणारी. खो-खोत तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि जिल्ह्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. सरावात खांबापाशी सूर मारताना ती उजव्या हातावर आदळली. कोपराखाली दोन्ही हाडं मोडली होती.

"मामा, सोलापूरला नेऊ का?" निकिताची आई अयोध्या पदर सावरत म्हणाली. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी सासऱ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. नवरा ट्रक घेऊन गुजरातेत गेलेला.

"माझी नात दुसऱ्याच्या दारात न्यायची?" अप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

त्यांनी हाड जुळवलं. जुळलंही झकास. पण घरची पोर, सगळ्या गावाचे डोळे तिच्यावर. म्हणून पट्टी त्यांनी रोजच्यापेक्षा दोन वेढे जास्तच आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिता रडत होती. दुपारी तिचं रडणं थांबलं. ओट्यावर माणसं बसलेली असताना ती दारात आली.

"अज्जा, बोटं कळंनात मला. चिमटा घेतला तरी कळंना."

अप्पांनी तिची बोटं हातात घेतली. गार होती. नखांखाली निळसर रंग उतरला होता. चाळीस वर्षांत हजारो हात धरलेला माणूस; हा हात काय सांगतोय ते त्यांना पहिल्याच स्पर्शात कळलं. गाठ हाताशीच होती. एक टोक ओढलं असतं तर सुटली असती.

पण ओट्यावर माणसं बघत होती. त्यातली निम्मी त्या दिवशी हसलेली.

"दुखायचं थांबलं म्हंजे हाड धरायला लागलं," ते म्हणाले. "जा, निजून राहा."

माणसांनी माना हलवल्या. निकिताचा अज्जावर पूर्ण विश्वास. ती आत जाऊन निजली. माझ्या मते ती पोर तिथंच बुडाली.

दिवेलागणीला तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. तरी त्यांनी गाठ सोडली नाही. दुपारी सोडली नाही ती आता कशी सोडायची, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढं होता. उद्या बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि अंगणात बाज टाकून आभाळाकडं बघत पडून राहिले.

सकाळी अयोध्येला वास आला. तिनं लेकीच्या अंगावरची चादर काढली, हात बघितला आणि ब्लाउज शिवायची कात्री आणली. अप्पा दारात येऊन "गाठीला हात लावू नको!" म्हणाले. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. कचाकचा पट्ट्या कापल्या, कामट्या भिरकावल्या. फोड आलेला, काळवंडलेला हात तसाच राहिला. त्याच्यात रंग काही परतला नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात हात कोपराखाली काढावा लागला. मोठ्या डॉक्टरांनी शुद्धीवर आलेल्या निकिताला विचारलं, "बाळा, बोटं बधिर झाली तेव्हा कुणाला सांगितलं का नाहीस?"

निकितानं खाटेच्या पायाशी उभ्या असलेल्या अज्जांकडं बघितलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"न्हाय सांगितलं मी कुणाला," ती म्हणाली. "घाबरले मी."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. अप्पा गप्प राहिले. तेवढ्या एका क्षणात त्यांची लाज वाचली, आणि त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. त्याबद्दल मी त्यांना कधी माफ करणार नाही.

घरी आल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. जो तो तेच बोले. पोरगी अल्लड, वेळेवर बोलली असती तर अप्पांनी वाचवलं असतं. निकिता उंबऱ्यावर बसून ऐकायची. तिच्या फ्रॉकची बाही लोंबत असायची. अप्पा मान खाली घालायचे आणि लोकांना ते दुःख वाटायचं.

चौथ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरचा भागवत भावाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आला. घोटा सुजून टम्म झालेला. बसता बसता तोही म्हणाला, "काय ही आजकालची पोरं! सांगायला नको व्हय?"

"तिनं सांगितलं व्हतं," अप्पा म्हणाले.

ओट्यावरची माणसं त्यांच्याकडं वळली.

"दोनदा सांगितलं. बोटं गार पडलेली म्या बघितली. मला कळलं व्हतं. माझ्या नावापायी म्या गाठ सोडली न्हाय. हात म्या घालवला."

भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं. तो भावाला म्हणाला, "बघ रं, नातीचा दोष सवताच्या अंगावर घ्यायलेत. लई मोठ्या मनाचा माणूस."

"खरं सांगतोय म्या!" अप्पा ओरडले.

"व्हय अप्पा, व्हय. तरास करून घेऊ नका." कुणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

अप्पा वळले. "निकिता, तू तरी सांग ह्यास्नी."

निकितानं त्यांच्याकडं बघितलं. दवाखान्यात त्यांच्यासाठी खोटं बोलायचं तिनं बोलून झालं होतं. आता खरं बोलायचं कामही ते तिच्यावरच टाकत होते. ती उठली, डाव्या हातानं दार लोटलं आणि आत गेली.

भागवतनं डोळे पुसले, आणि सुजलेला पाय हळूच उचलून अप्पांच्या मांडीवर ठेवला.