बाबांची हाव

संशय घेण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. ऑटोवाला "निघालीच गाडी" म्हणाला की मी खाली उतरून उभी राहते. फिजिओथेरपी शिकायला गेले आणि कळलं की या खोडीला तिथे 'क्लिनिकल रीझनिंग' असं भारदस्त नाव आहे. पेशंट सांगतो ते ऐकायचं, पण त्याच्या चालण्यावर जास्त विश्वास ठेवायचा.

परदेशात हे काम करायचं तर तिथल्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते. म्हणून अमरावतीच्या दवाखान्यातून रजा काढून मी अभ्यासाला अकोल्याला, घरी आले. आई गेल्यापासून बाबा इथे एकटेच असतात. कापूस बाजारात उभा जन्म गेला, आता निवृत्त आहेत आणि शुगर जुनी आहे. माझ्या पुस्तकातल्या प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, चारही खरी वाटणारी. दिवसभर तेच वाचलं की घरातल्या माणसाच्या बोलण्यातही खोटं उत्तर शोधायची सवय लागते.

एके सकाळी बाबा दूध घेऊन आले ते एकाच पायात चप्पल घालून.

"अंगठा तुटला. देल्ली फेकून," ते म्हणाले आणि घाईघाईने आत गेले.

थोड्या वेळाने मी सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला निघाले, तर कोपऱ्यावरच्या पानठेल्याजवळ ती चप्पल पडलेली. अंगठा शाबूत. मी ती पिशवीत घालून घरी आणली आणि लपवून ठेवली.

अमरावतीला कॉलेजात असताना आमच्या मॅडम येणाऱ्या प्रत्येक शुगरच्या पेशंटला एक प्रश्न विचारायच्या, चप्पल पायातून निसटते तेव्हा कळतं का? कळत असेल तर पायाची ताकद कमी झालीय. कळतच नसेल तर पाय बधिर झालाय. माझ्या परदेशी पुस्तकात हा प्रश्न कुठेच नव्हता. तिकडे चपला फटकारत दवाखान्यात येतं कोण!

दुपारी मी सहज विचारल्यासारखं बाबांना तेच विचारलं.

"बाप्पा! कळन नाही त काय? माह्या पायाले का धाड भरली?"

माणूस एवढा चिडतो म्हणजे पाणी मुरतंय. मी सरावाचं निमित्त काढून त्यांना दिवाणावर झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बारीक धागा हातात घेतला. "कापूस लागला का हाव म्हणा," मी सांगितलं. आमच्याकडे 'हाव' म्हणजे 'हो'. पुण्याला एका ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा खोलीतली मुलगी म्हणायची, "तुला सारखी कसली गं हाव?"

गुडघ्याला कापूस लावला. "हाव." नडगीला लावला. "हाव." तळपायाला लावला. "हाव." जिवात जीव आला. पण त्यांचा हाव फारच ताल धरून येत होता, आणि तळपाय असा निवांत पडला होता की मला राहवेना. अशा वेळी मध्येच थांबून पाहायचं असतं. मी कापूस हवेतच धरला.

"हाव," बाबा म्हणाले.

मी पुन्हा काहीच केलं नाही.

"हाव."

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. "बाबा, म्या कापूस लावलाच नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "म्या म्हटलं लावला असशीन."

"चप्पल भेटली मले. अंगठा चांगला हाय तिचा."

त्यांनी पाय आखडून घेतला. मग हळूच म्हणाले, "तुही परीक्षा होऊन जाऊ दे म्हटलं, मंग सांगतोच. आता सांगतलं असतं त तू समदं सोडून इथंच बसली असती."

मी दुसरा तळपाय उचलून पाहिला. टाचेला खडा रुतून जखम झाली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी ती धुतली, पट्टी बांधली. बांधताना मनातल्या मनात परीक्षा रद्द करून टाकली होती.

"उद्या डॉक्टरकडे जाचं."

"हाव."

"रोज तळपाय आरशात पाहाचे."

"हाव."

"बिनचपलेचं अंगणातही जाचं नाही."

"हाव."

एकाही हाववर माझा विश्वास बसला नाही.

"आन तू?" डोळे तसेच मिटून त्यांनी विचारलं. "परीक्षेले जाशीन न?"

"हाव," मी लगेच म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"कापूस न लावताच म्हणून राहिली का वं?"