करंगळीची तोंडी परीक्षा

सासऱ्यांच्या दंडावर कुष्ठरोगाचा चट्टा निघाला, तेव्हा कातडीच्या तुकड्यांच्या स्लाईड बनवणाऱ्या लॅबमध्ये मला बारा वर्षं झाली होती. आणि घरातलाच चट्टा मला दिसला नव्हता. "दिव्याखाली अंधार," एवढंच म्हणून सासरे गोळ्या घेऊ लागले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, एकही दिवस चुकला नाही.

तरी तिसऱ्या महिन्यात चट्टा लाल होऊन सुजला. त्याचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला. डॉक्टरबाईंनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. जाणीव पोचवणाऱ्या नसेभोवती शरीराच्या रक्षक पेशींची ही गर्दी! जंतू बहुतेक मेलेले, पण पेशींना आता कुठे चेव आला होता आणि त्या मारामारीत नसच चिरडली जात होती. हाताची जाणीव जात असेल तर सूज उतरवायचं औषध लगेच द्यायला हवं, नाहीतर करंगळी कायमची वाकडी होईल, असं बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे मिटून बसायचं, पेनाचं टोक कुठल्या बोटाला टेकलं ते सांगायचं. सासरे धडाधड सांगत गेले. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला, पेन हवेतच राहिलं. "करंगळी," सासरे म्हणाले.

डॉक्टर क्रमाने जात होते आणि यांनी क्रम ओळखला होता.

"बाबा, पेन अजून टेकलंच नाही."

त्यांनी डोळे उघडले. आधी चिडले. विद्यार्थ्यांना कधी उत्तर कोरं सोडू दिलं नाही, म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "महिना झाला. करंगळीचं काही कळत नाही. तुला कशाला घोर लावायचा?"

मला भयंकर राग आला. पण रिक्षात, कोथरूडचं घर येईपर्यंत, मी त्यांचा तो हात सोडला नाही.

औषध त्याच दिवशी सुरू झालं. चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आता डॉक्टरही शहाणे झाले होते, कुठल्याही बोटाला कधीही पेन टेकवत होते. एकदा सासऱ्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले, मान किंचित तिरकी केली.

"करंगळी. पण पुसट आहे. अर्धाच मार्क द्या."

या माणसाच्या शब्दावर माझा विश्वास उरला नव्हता. मी डॉक्टरांकडे पाहिलं. पेन करंगळीवरच होतं. मला तिथेच रडू आलं.