म्या विकलेली होडी

आमच्या मालकांना होडी विकायची अक्कल न्हाय, हे म्या पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी ओळखलं. माणूस चांगला टेंभुर्णीहून आलेला, होडीवर हात फिरवून खुशीत आलेला, आन् आमचे गेणबाराव म्हणतात कसे, "थांबा, आधी इंजिनाचं ऐका. ह्या भोकातनं पाण्याची धार पडती ना, ती जाड पाहिजे, तर इंजिन गार ऱ्हातं. आमची सुतळीएवढी बारीक पडती. आतला पंप गेलाय. पंधरा मिनिटात तापून बंद पडतं." गिऱ्हाईक चहा न घेताच उठलं. दुसरं आलं, त्यालाबी हेच पुराण. तिसऱ्या वेळी म्या कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून हसू नका, राग आला की मी घेती.

मग पंप बदला की! तर म्हणायचं, "बदलू, बदलू." मला काय कळत न्हाय व्हय? पंप बदलला की होडी जाणार, म्हणून बदलायचा न्हाय. आन् वर खरं बोलल्याचं पुण्य पदरात!

तसा माणूस खराच, ते नाकारून चालायचं न्हाय. उजनीच्या पाण्यावर चाळीस वर्षं काढली. चिलापी विकायला बसले तर टोपलीतला नरम मासा सोताच्या हातानं बाजूला काढायचे, म्हणायचे, "हा नको, सकाळचा हाय." बायका दुसरीकडनं उठून आमच्याकडं यायच्या. पोरींची लग्नं, घर, सगळं त्या टोपलीनं केलं. पण माघात हे होडीतच जाळ्यावर कोसळले. होडी नुसती गोल गोल फिरत व्हती. शेजारच्या रावजीनं लांबून बघितली म्हणून हे हाताला लागले. डॉक्टरनं सांगितलं, पाण्यावर जायचं बंद. तर आठव्या दिवशी हे पुन्हा होडीत! दहा मिनिटं इंजिन, पुढं वल्ही. तसल्या काळजानं वल्ही! मला माणूस पाहिजे व्हता, होडी न्हाय, म्हणून म्याच हट्टानं ती विकायला काढायला लावली.

चैत्रात हे बारामतीला दवाखान्यात गेले त्या दिवशी फोन आला. पलीकडच्या काठाचा शंभूराज म्हणून डाळिंबवाला. पुण्याची माणसं पक्षी बघायला येत्यात, त्यांना फिरवायला होडी पाहिजे व्हती त्याला. म्हणलं, आजच या. बायकोला घेऊन आला. प्रगती तिचं नाव, हसरी पोर. काठाकाठानं त्यानं एक चक्कर मारली. इंजिन गार, पहिल्याच दोरीला चालू झालेलं.

"मावशी, इंजिन कसं हाय?"

"झकास," म्हणलं.

जीभ जरासुद्धा अडखळली न्हाय. मनात म्हणलं, टेम्पोत घालून नेईल, मिस्तरी खोलून बघंल, पंप बदलंल. कुणाचं काय बिघडतंय? त्यानं इसार हातावर ठेवला आन् म्हणाला, "टेम्पो कशाला? असंच पाण्यातनं घरी जातो. पाऊण तासाचं तर हाय."

पाऊण तास! इंजिन तर पंधरा मिनिटांचं! प्रगती चपला हातात घेऊन चढलीसुद्धा. तेव्हाच बोलायचं व्हतं. तोंड उघडलं, आन् म्हणलं काय, "सावकाश जावा." आग लागो माझ्या तोंडाला!

दुपार कलली व्हती, वारा उठला व्हता. इंजिनाचा आवाज लांब लांब गेला आन् मधेच तुटला. मागं बघती तर हे! जीपमधनं उतरून, हातात औषधाची पिशवी, कान पाण्याकडं लावून उभे.

"आपलं इंजिन हाय. कोण हाय त्यात?"

"विकली म्या."

"धारेचं सांगितलंस?"

म्या नुसती मान हलवली, न्हाय म्हणून. हे वरडले न्हाईत. पिशवी खाली ठेवली आन् रावजीच्या होडीकडं निघाले. मी आडवी आले. "तुमी न्हाय जायचं. रावजीला येऊ द्या!"

"रावजी भिगवणला गेलाय. बाई हाय का गं होडीत?"

"हाय."

"मग सर."

ज्या पाण्यातनं ह्यांना काढायचं म्हणून मी खोटं बोलले, त्याच पाण्यात म्याच ह्यांना ढकललं. चढले मी बी. जन्मात होडीत बसले न्हवते.

लाटा आडव्या लागत व्हत्या. त्यांची होडी वाऱ्यानं बुडीत बाभळींच्या खोडांकडं चाललेली. शंभूराजला वल्ही मारता येईना, होडी आडवी पडायची आन् पाणी आत. प्रगती जेवणाच्या डब्यानं पाणी उपसत व्हती, तोंड पांढरंफटक. ह्यांनी दोर फेकला, चुकला. ओढून घेतला, पुन्हा फेकला. पोरीनं झेलला. हे मटकन खाली बसले, ओठ काळेनिळे. म्या मागनं सदरा घट्ट धरला आन् देवाला शिव्या घातल्या, नवस बी बोलले. एका हातानं इंजिन धरून ह्यांनी दोन्ही होड्या काठाला आणल्या.

शंभूराज उतरला तो तापूनच. "मावशी, झकास म्हणला व्हता तुमी! आमाला मारायचं व्हतं का?"

"मला ठाऊक व्हतं," म्हणलं. "चुकलं माझं." पदराची गाठ सोडून इसार त्याच्यापुढं धरला.

"थांब," हे म्हणाले. दम लागला व्हता, एकेक शब्द येत व्हता. "शंभूराजराव, पंप म्या बदलून देतो. रविवारी या. तासभर तुमीच चालवा, मी काठाला बसतो. पटली तर होडी तुमची."

प्रगतीच म्हणाली, "येतो आबा."

ती दोघं गेली. म्या औषधाची गोळी हातावर दिली, पाणी दिलं.

"तुमाला तर विकायची न्हवती," म्हणलं.

"न्हवती."

"मग?"

गोळी गिळली. पाण्याकडं तोंड करूनच म्हणाले,

"बने, रोज रात्री तू माझ्या नाकाशी बोट धरतीस. श्वास चाललाय का बघतीस. माघापास्नं एक रात सोडली न्हाईस. मी जागाच असतो." माझ्याकडं वळले. "होडी गेली तर झोपशील का?"

"झोपीन," म्हणलं.