चिकूच्या वाडीतली मुशी

आगर या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात घरी मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना माझी खोड ठाऊक होती. जाळ्यात काही वेगळं आलं की फेकून द्यायच्या आधी त्या ते मला दाखवायच्या. मी तलासरीला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. घराच्या व्हरांड्यात मी खाऱ्या पाण्याची एक चार फुटी टाकी ठेवली होती. तिच्यात तेव्हा शंखातले खेकडे आणि खडकांमधल्या डबक्यांतून आणलेले बोटाएवढे मासे होते.

एका डिसेंबरात मावशींनी पाटीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तपकिरी, चामड्यासारखी चपटी पिशवी काढली. ती तळहातावर मावत होती आणि तिच्या कडांना चिकट धागे होते.

"मुशीचं अंडं आहे, बाई," त्या म्हणाल्या. "आम्ही टाकूनच देतो. बघा, जिवंत असलं तर."

मुशी म्हणजे लहान शार्क, आणि काही मुशी अंडी घालतात, हे मी अठरा वर्षं वर्गात सांगत आले होते. अंडं हातात मात्र पहिल्यांदाच घेत होते. मोबाइलची बॅटरी लावून त्याच्या मागे धरली, तर आत पिवळा बलक दिसला आणि त्याला लागून काडीएवढा एक जीव. तो शेपटी हलवत होता, जरासुद्धा न थांबता.

नवरा वाडी बघतो, त्याचं सगळं लक्ष चिकूच्या झाडांवर. त्याने अंडं पाहिलं आणि सरळ विचारलं, "मोठी झाल्यावर काय करणार?"

"आधी होऊ तरी दे," मी म्हटलं.

आमच्या किनाऱ्यावरचं पाणी गढूळ. भरतीचं पाणी पिंपात दोन दिवस निवळू द्यायचं, कापडातून गाळायचं, मग टाकीत घालायचं. टाकीत हवा सोडणाऱ्या पंपासाठी वापीला गेले तेव्हा दुकानदाराने गुजरातीत समजावलं की मासा मरतो तो भुकेने नाही, स्वतःच्या घाणीने. ते मी लक्षात ठेवलं. दर रविवारी निम्मं पाणी बदलायचं ठरवलं. पिंपं उचलायला नवरा कुरकुरत का होईना, येऊ लागला.

रोज संध्याकाळी मी अंड्यामागे उजेड धरायची. बलक लहान होत गेला, काडीला डोळे आले, मग अंगावर काळे पट्टे. दुसरा महिना सरता सरता पिशवीच्या कडांना बारीक फटी पडल्या. मला वाटलं अंडं फुटलं, सगळं संपलं. मग पुस्तकात वाचलं की आतल्या जिवाला ताजं पाणी मिळावं म्हणून त्या आपोआपच उघडतात.

वाडीत चिकू तोडायला आतल्या डोंगराकडच्या सायवनहून एक बाई यायची. माझ्याच वयाची असेल. समुद्रातला जिवंत मासा तिने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ती टाकीसमोर बसायची. पिल्लू बाहेर आलं तेव्हा समोर तीच होती, मी कॉलेजात. अंड्याचं एक टोक उघडलं, आधी डोकं आलं, मग ते थोडा वेळ तसंच थांबलं आणि मग एका झटक्यात सगळं बाहेर, असं तिने मला हातवारे करून सांगितलं. मला तिचा हेवा वाटला.

मुशी वीतभर होती. काळे-पांढरे पट्टे, मांजरीसारखे डोळे. ती पोहायची कमी आणि पुढच्या परांवर भार टाकून वाळूवरून चालायची जास्त. सायवनच्या बाईने विचारलं, "ही झोपते कधी?" मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. मग आम्ही दोघींनी वहीत टिपायला सुरुवात केली. दिवसा ती दगडाखाली पडून असायची, कल्ले हलत असायचे, डोळे उघडेच. त्याला झोप म्हणायचं की नाही, यावर आमचं एकमत झालं नाही.

पहिले नऊ दिवस तिने काहीच खाल्लं नाही. माकुळाचे, म्हणजे स्क्विडचे, तुकडे तोंडापुढे धरले तरी ती वळून जायची. मावशी म्हणाल्या, बर्फातलं देऊ नका, आजची करंदी द्या, ती बारीक कोळंबी. दहाव्या दिवशी ताजी करंदी तिच्या नाकासमोरून सरकली आणि क्षणात करंदी नाहीशी झाली. पुढे मी करंदी वाळूत पुरून पाहिली. मुशी वरून संथ चालत गेली, थबकली, आणि नेमकं तिथेच तोंड खुपसलं. नवऱ्याचा विश्वास बसेना. त्याने स्वतः पुरली, मला पाठ फिरवायला लावून. तिने तीही शोधली. त्या दिवसापासून मी सांगायच्या आधीच तो पिंप उचलायला लागला.

मे महिन्यात एका दुपारी मी कॉलेजात पेपर तपासत होते आणि नवऱ्याचा फोन आला. वीज गेली होती, पंपाची बॅटरीही संपली होती.

"ती वर येऊन तोंड उघडझाप करतेय. काय करू?"

मी म्हटलं, तांब्याने पाणी उचल आणि उंचावरून ओत, हवा मिसळली पाहिजे. एसटीने आशागडमार्गे घरी पोचेपर्यंत दोन तास गेले. तो तिथेच स्टुलावर बसला होता, शर्ट भिजलेला, आणि तांब्या चालूच होता. मुशी दगडाखाली परत गेली होती. त्याच्या हातातून मी तांब्या घेतला.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती हातभर झाली. वळताना शेपटी काचेला लागायची. ती कडेकडेने फेऱ्या मारायला लागली आणि नाकाच्या टोकाला पांढरा चट्टा पडला. मी मोठ्या टाकीचा विचार केला, मापंही काढली. पण कितीही मोठी केली तरी तिला शेवटी काचच लागणार होती. समुद्री जिवांचा अभ्यास करणाऱ्या माझ्या जुन्या वर्गमैत्रिणीला विचारलं. तिने आधी उलट विचारलं, बाहेरून विकत आणलेला एखादा मासा टाकीत कधी सोडलास का? त्याचा रोग समुद्रात जायला नको. नव्हता सोडला. पाणीही इथलंच. मग ती म्हणाली, चट्टा भरू दे, आणि जिथून आली तिथेच सोड.

मावशींच्या दिरांची होडी होती. ते न्यायला तयार झाले. मावशींनी मात्र मला आधीच बजावलं, "माझ्या पाटीत आली तर मी विकणार, बाई. मग रागवायचं नाही." मी कबूल केलं. त्यांच्याकडून मुशी घेऊन मी आजवर कितीदा कालवण केलं होतं, रागवायला मला तोंड कुठे होतं.

चट्टा भरल्यावर एका सकाळी निघालो. पाणी गढूळाचं हिरवं झालं तिथे दिरांनी होडी थांबवली. नवऱ्याने पिंपातली मुशी टोपलीत काढली आणि टोपली पाण्यात धरली. मुशी टोपलीतच चालत राहिली, कडेला नाक लावत. मला वाटलं, हिला बाहेर जायचं कळणारच नाही. मग टोपली तिरकी झाली, ती काठावरून घसरली, आणि एकही फेरी न मारता सरळ खाली गेली. पट्टे दोन क्षण दिसले.

नवरा वाकून पाहत राहिला. मग त्याने दिरांना विचारलं, "खाली काय असेल इथे?"

त्यांनी तळ कधी पाहिला नव्हता, पण नांगराच्या ओढीवरून त्यांना तो ठाऊक होता. खडक कुठे, वाळू कुठे सुरू होते, माकूळ कोणत्या बाजूला लागतं, सगळं ते सांगत गेले. किनारा येईपर्यंत आम्ही दोघं त्यांना विचारतच होतो.