पसाभर धान आणि लांडगीची पिल्लं

देवावरचा माझा विश्वास उडाला होता, हे आधीच सांगून टाकते. मागून सांगितलं तर लाज झाकल्यासारखं होईल. आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची गोष्ट. मूलच्या पलीकडच्या झुडपी रानात कित्येक वर्षांनी लांडगे परतले होते. त्यांचा अभ्यास करायला एक साहेब तंबू टाकून राहिले. आमच्या घरधन्याला हिवताप, म्हणून वाट दाखवायला मी जायची. ओल्या मातीत पाऊल दिसलं की त्यावर पळसाच्या पानांचा द्रोण उपडा ठेवायचा, वर खडा. मग साहेब येऊन ते कागदावर उतरवून घेत. त्यांनी एकच बजावलं होतं, बिळाचा ठिकाणा कुणाला बोलू नका.

अन् माझं तोंड! विहिरीवर शेजारीण म्हणाली, "साहेबासंगं दिवसभर काय करतं वो, पाखरं मोजतं काय?" बाया हसल्या. मला झोंबलं. म्हटलं, "पाखरं नाई, लांडगीचे चार पिल्लं पाहून राह्यली, टेकडीच्या मांगं!"

तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्या बिळात धूर घातला. आमच्याकडे लांडगा मारला की घरोघर फिरवतात, घरटी पसाभर धान मिळतं. मेंढरं राखणारे दोघे दारात आले, काठीला तीन पिल्लं बांधलेली. चौथं आत गुदमरलं म्हणाले. वर हसून, "काकी, ठिकाणा तुमीच देल्ला, तुमचा पसा मोठा पायजे!" मी दिलं हो धान. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून देवापुढे दिवा लावला नाही. साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. लांडगी तरी उरली का ते बघा, एवढंच म्हणाले. चार दिवस एकटी फिरले, एक पाऊल दिसलं नाही. पाचव्या दिवशी वाघदेवाच्या दगडापाशी बसून रडले, "मले काऊन जगवून राह्यला तू?"

सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी आली, आमच्या गावची नव्हती. तिनं मोळी उतरवली, तुंब्यातलं पाणी पाजलं. "रडाले इथीच जागा भेटली काय, बाई? चाल." नाल्याच्या वळणावर ओल्या रेतीत लांडगीचं पाऊल होतं, आणि लागूनच लिंबाएवढं दुसरं. म्हणजे चौथं पिल्लू गुदमरलं नव्हतं! सवयीनं पळसाची पानं तोडायला वळले, तोवर तिनं टाचेनं दोन्ही पावलं पुसून टाकली. "पाह्यलं नं तुवा? आता जाऊ दे त्याइले." अन् दगडापाशी परतून मोळी उचलून निघून गेली.

साहेबांना सांगितलं, काही दिसलं नाही. त्यांनी तसं वहीत लिहिलं, तंबू उठला. ते खोटं माझ्या माथी आहे, तीन पिल्लांचं पापही आहे. दिवा लावून ते उतरत नाही. त्या रानात पुढे लांडगा कुणाला दिसला नाही. ती मायलेकरं जगली की नाही, ठाऊक नाही. म्हातारी कोण, तेही मी शोधत बसले नाही. माझ्या तोंडानं उघडं केलेलं कुणीतरी झाकलं, एवढे उपकार मला पुरे. आता रोज दिवा लावते. मागत काही नाही. फक्त म्हणते, देवा, ते कुठी हाय तुले ठाऊक हाय नं? मग मले नको सांगू.